काटा

हा काटा मी मोदकांच्या सारणासाठी घेतला होता,
मुलुंडच्या दुकानातून, घासाघीस करून.
आता त्यावर माझं जेवण बसतं:
पन्नास ग्रॅम मूग, उकडलेले,
काकडी हवी तेवढी,
आणि माझ्याच दोनशे पोळ्यांमधली एक पोळी,
जी मी स्थळ बघितल्यासारखी निवडते,
फार थोराड नको, अगदीच किरकोळही नको.

डॉक्टर बाणावलीकर म्हणाले,
चौदा किलो उतरवा, मग गुडघ्याला हात लावतो.
दिवसाला आठशे कॅलरी.
म्हटलं, डॉक्टर, माझं पोळी-भाजी केंद्र आहे हो, कन्नमवार नगरात.
ते म्हणाले, मग काय झालं?
डबे भरा, झाकणं लावा.

लावते झाकणं.

सकाळी दहाला भूक नसते, नुसती तिची आठवण असते.
साडेअकराला लसणाची फोडणी पडली
की ती उठून बसते.
तीन वाजता बोलायला लागते,
आणि आवाज थेट माझ्या सासूबाईंचा:
एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय,
मीठ तरी चाखून बघशील?
मीठ आता शेवंता चाखते.
मी तिच्या गालाकडे बघत राहते,
आत घास कुठून कुठे गेला ते.

उपास मी काही कमी केले नाहीत.
सोळा सोमवार, हरतालिका,
पोरीच्या दहावीला वर्षभर संकष्ट्या.
पण त्या उपासांना चंद्र होता,
साबुदाणा होता, तुपात परतलेली रताळी होती.
ह्या उपासाला चंद्रच उगवत नाही.
आणि देवासाठी उपाशी राहिलं की लोक कौतुक करतात,
गुडघ्यासाठी राहिलं की विचारतात,
अजून काही फरक दिसत नाही, नाही का?

चार किलो उतरले होते.
ब्लाउज सैल झाला होता काखेत.
तेविसाव्या दिवशी, रविवारी,
टिपणिसांचा डबा परत आला.
दाराला कुलूप होतं, विश्राम म्हणाला,
आणि ओट्यावर ठेवून निघून गेला.

तीन पोळ्या. बटाट्याच्या काचऱ्या.
वरण, भात, वर साजूक तूप.
वाटीत शिरा, बेदाणा घातलेला.

फ्रिजच्या उजेडात, उभ्यानं.
बसले असते तर ते जेवण झालं असतं.
शिरा बोटानं खाल्ला.
वाटी चाटली, मग घासली, मग पुसून पालथी घातली,
पुरावा नको म्हणून.
घरात पुरावा मागणारं आहे कोण?

माझी वही एकच आहे.
एका बाजूनं गिऱ्हाइकांची उधारी,
उलटी धरली की माझ्या कॅलरी.
त्या रात्री कॅलरीचं पान कोरं सोडलं.
झोप लागेना. पहाटे उठून लिहिलं,
टिपणिसांचा डबा, अख्खा.
नंतर बघितलं तर उधारीच्या बाजूला लिहिलं होतं.
खोडलं नाही.

सोमवारी सहाशे ग्रॅम वाढले.
आकडा ऐकून कळत नाही काही,
म्हणून मी काट्यावर तेवढीच कणीक ठेवली
आणि मग दोन्ही हातांत घेतली.
मऊ, कोमट, एखाद्या बाळाच्या डोक्याएवढी.
शेवंता म्हणाली, ताई, लाटायची की नुसती धरून बसायचं?
वीस पोळ्या झाल्या तिच्या.
चार रात्रपाळीच्या नर्सला,
सहा त्या तीन पोरांना, सीएचा अभ्यास करणाऱ्या,
बाकीच्या कुठे कुठे गेल्या, लक्षात नाही.
माझे सहाशे ग्रॅम मात्र माझ्यापाशीच.

दुपारी टिपणीस स्वतः आले डबा न्यायला.
पनवेलला गेलो होतो लेकीकडे, सांगायचं राहिलं, म्हणाले.
पैसे घ्या कालचे.
मी नको म्हटलं. ते हट्टाला पेटले.
शेवटी मी गल्ल्यातले सुटे मोजत बसले, मान वर न करता.

काय होतं हो काल?
शिरा.
अरेरे! चुकलाच. चांगला झाला होता?

साखर जरा जास्त पडली होती, मी म्हटलं,
आणि झाकण घट्ट लावून
डबा त्यांच्या हातात दिला.