एकतीस डबे

नगरपालिकेची बाई आली,
दंडाची पावती नव्हे, नव्या नियमांचा अर्ज
आणि कोऱ्या चिकटपट्ट्यांचं भेंडोळं घेऊन.
ग्लेनडेलच्या मागच्या गल्लीत
वाझगेनचं लाकूड-पॉलिशचं दुकान.
एकतीस डबे. एकावरही नाव नाही.

"यात काय?" ओफेलिया विचारते.
तो झाकण उचकटतो, नाकाशी नेतो,
जरा जास्तच वेळ.
"टर्पेंटाइन."
ती न वाकताच ओळखते : थिनर.

पेन थांबतं.
वास जाऊन किती वर्षं झाली,
हे अर्जातल्या कुठल्याच रकान्यात विचारलेलं नाही.

"चला, पुन्हा पहिल्यापासून,"
म्हणत ती स्टूल ओढते.
ती हुंगते, ठळक अक्षरांत लिहिते.
तो चिकटवतो, अंगठ्यानं कडा दाबतो.

सातव्या डब्यानंतर बायकोला फोन :
"उशीर होईल.
आणि ऐक, घरचा गॅस
यापुढे तूच बघत जा."