घडी

बुधवारी रात्री पाषाणच्या प्रयोगशाळेत
यंत्रात एक नळी ठेवली.
आत पन्नास मायक्रोलिटर,
म्हणजे पापणीला अडकलेला थेंब.
त्यात विषाणूकडून उसना घेतलेला लांब धागा,
सात हजारांवर अक्षरं,
आणि दोनशे आखूड टाके
ज्यांना सुई नाही.

नव्वद अंशांवर सगळं सुटं.
मग यंत्र हळूहळू उतरू लागलं,
रात्रभर, एकेक अंश,
आणि मी बॅटरीच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसले.
उद्या गुरुवार. गुरुवारी वीज जाते.

आई दापोडीत फॉल-पिको करते.
तिला फोनवर म्हटलं, आपोआप शिवलं जातं.
ती म्हणाली, आपोआप काही नसतं गं,
कुणीतरी जागं असतं.

होते की जागी.
पण माझा हात त्यात नव्हता.
ए टी शोधत होता, जी सी शोधत होता,
चुकीच्या जागी बसलेला टाका
उबेतच उसवत होता, पुन्हा सरकत होता,
कुणी ओरडत नसताना.
घडी बसायला
आधी इतकं सुटं व्हावं लागतं का,
हे मी आईला विचारलं नाही.
बाबा गेले त्या वर्षाचं तिला ठाऊक आहे.

सकाळी पिंपं तयार. नखाएवढी नाहीत,
नखाच्या धुळीएवढीही नाहीत.
प्रत्येकाच्या बुडाशी कोलेस्टेरॉलच्या शेपट्या,
पाण्यात अवघडलेल्या, स्निग्धाकडे ओढलेल्या.

काचेवर फुगे.
पेशी नव्हेत, पेशीसारखे:
दोन रेणूंच्या जाडीची साय,
आत कोंडलेला हिरवा रंग, बाकी काही नाही.

दोन तास पिंपं नुसती बिलगून पडली.
काही तर एकमेकांनाच चिकटली.
नोशीर म्हणाला, शेपट्या जास्त झाल्यात,
दाराशीच गर्दी.
अकराला वीज गेली,
जनरेटर धडधडला,
फुग्यांची रांग एकदा थरथरली.

मग डावीकडचा एक
फिका पडत गेला.
फुटला नाही.
कड तशीच गोल, रंग मात्र
बाहेरच्या पाण्यात पांगत होता,
आणि नोशीर घड्याळ बघायचं विसरला.

कड उसवू नये म्हणून आई पिको करते.
मी कडेत भोक पाडलं, आणि कड उसवली नाही.

हेच सांगायला फोन लावला.
ती म्हणाली, थांब,
गिऱ्हाईक आहे.