वरच्या मजल्यावरचं हवामान

मार्केट यार्डात, भुसार विभागाच्या मागे
सापडली म्हणून मोहरी.
नाव ठेवताना लक्षात आलं नाही
की रात्री दोनला कुठलंसं तेल तापतं
आणि ती तडतडायला लागते.

पलंगावरून शिलाई मशीनवर, मशीनवरून कपाटावर,
कपाटावरून थेट माझ्या पोटावर.
पडद्याला लोंबकळून खाली,
नखांचा खरखरीत ब्रेक, फरशीवर घसरत,
आणि पुन्हा उलट, जणू कुणी मागे लागलंय.
कुणीच नसतं. मी दिवा लावून पाहिलंय.

सात महिन्यांची आहे.
दिवसभर मी ब्लाऊज शिवते, ती चिंध्यांच्या पिशवीत झोपते.
गिऱ्हाइकं म्हणतात, किती गरीब आहे हो.
मी टाचण्या ओठांत धरून गप्प.

खालच्या टिपणीसांनी तक्रार लिहून ठेवली,
बेल न वाजवता, कडीत, चौघडी करून.
वेधशाळेत तेहतीस वर्षं काढलेला माणूस,
आडनावाला जागला, नोकरीलाही जागला:

२.१० नैऋत्येकडून स्वयंपाकघराकडे. वेग मध्यम.
२.१४ उलट दिशेने. वेग तीव्र.
२.१५ काहीतरी पडले. स्टीलचे.
२.४० ओसरले.
३.०५ पुन्हा.

मी हसले, मग ओशाळले,
मग तोच कागद घेऊन धनकवडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.
त्यांनी वाचला, औषध काही दिलं नाही.
म्हणाल्या, दिवसभर झोपवता, मग रात्री ती काय जप करील?
आधी शिकार, मग जेवण, मग झोप,
मांजराच्या घड्याळाला हे तीनच काटे.
तुम्ही साडेसातला आयती वाटी ठेवता,
शिकार राहूनच जाते.
आणि पहाटे उठवलं तर उठायचं नाही,
रागवायचं नाही, दूध नाही, डोळासुद्धा उघडायचा नाही.
मेल्यासारखं पडून राहायचं, जमेल?

दुपारी चारला चिंध्यांची पिशवी माळ्यावर टाकली.
रात्री साडेनऊला एक नाडी घेतली, टोकाला चंदेरी लटकन,
उपासनीबाईंनी नको म्हटलेलं,
आणि गुडघ्याला पट्टा बांधून घरभर पळाले.
लटकन सोफ्याखाली न्यायचं, जरा थरथरवायचं, थांबायचं.
थांबणं मुख्य. उंदीर काही सारखा नाचत नसतो.
तिचं बूड हलतं, डोळे काळेभोर होतात,
झेप.
शेवटची झेप तिची होऊ द्यायची,
नाहीतर हिरमुसते.
मग वाटी. मग पंजा चाटणं, कानामागून फिरवणं,
अर्धं अंग धुऊन होतं न होतं तोच कलंडणं.

पहिल्या रात्री फरक शून्य.
दुसऱ्या रात्री बरणी गेली, लोणच्यासकट.
पाचव्या रात्री माझ्या पापणीवर पंजा,
नखं आत, नुसती मऊ गादी.
मी मेलेली होते. फार अवघड गेलं.
अकराव्या रात्री मला जाग आली तीच मुळी
सव्वासहाला, दुधाची पिशवी दारावर आपटली तेव्हा.

आणि शनिवारी कडीत परत कागद.
पोटात धस्स झालं.

१.३० शांत.
२.१० शांत.
२.५० शांत.
३.२५ शांत.
४.१५ शांत.

खाली सही, तारीख. शेऱ्याचा रकाना कोरा.

मी मशीन थांबवून वेळा पुन्हा वाचल्या.
एका बाहीला दोनदा टीप पडली ती त्या दिवशीच.

रात्री साडेनऊला मोहरीला भाजीच्या टोपलीत घातलं,
वर ओढणी, गळ्यात नाडी,
आणि एक जिना उतरले.
टिपणीसांनी साखळी न काढता दार उघडलं.
म्हटलं, जरा हे टोक धरता का? माझा गुडघा आज ऐकत नाही.

ते टोपलीकडे बघत राहिले. टोपलीही त्यांच्याकडे.
मग साखळी निघाली,
चष्मा चढला,
आणि नाडी बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं,
कुठल्या दिशेने ओढू?