शुद्धिपत्र

मगदूम सरांना रात्र लांब मिळायची.
दिवस मावळायच्या आत जेवण, हा घराण्याचा नेम,
मग सातपासून गच्चीवर, कांबळं पांघरून,
तांबड्या कागदानं झाकलेली बॅटरी घेऊन.
दर तीन महिन्यांनी ती वही घेऊन ते
हरभट रोडच्या बोळात, आमच्या प्रेसवर यायचे.
हळदीच्या अडत्यांची पावतीबुकं उतरली
आणि लग्नपत्रिका अजून चढल्या नाहीत
एवढ्या फटीत 'तारावेध' छापायचा.
संशोधन त्रैमासिक. पानं बत्तीस, प्रती दोनशे.
त्याआधीचे तीन अंक त्यांनी सायक्लोस्टाइल केलेले,
शाई बोटांना जास्त, कागदाला कमी.

मी जुळारी. दस्तगीर तांबोळी, सातवी पास.
मला तारे ठाऊक ते शिशाचे, उलटे.
पहिल्याच फर्म्याला टिंबं संपली.
एवढे दशांश कुणाच्या लग्नात लागत नाहीत.
कोल्हापुरास माणूस धाडून
अर्धा किलो टिंबं आणवली.

सर म्हणाले, आकडा जितका मोठा, तारा तितका मंद.
मी म्हटलं, म्हणजे वर्गातल्या नंबरासारखं.
तेव्हापासून मला ते पहिलं प्रूफ दाखवायचे,
मग स्वतः बघायचे.

आषाढ-श्रावणाचे तक्ते बघण्यासारखे:
ढग. ढग. ढग. ढग.
विट्याहून ढग, तासगावाहून ढग,
पलूसच्या पोस्टमास्तरांकडून 'ढग, पण प्रयत्न केला'.
मी म्हटलं, सर, एकदाच लिहू, 'महिनाभर ढग'.
म्हणाले, ज्यानं एकतीस वेळा मान वर केली
त्याचे एकतीस छापायचे.
ढ चे खिळे झिजले त्या सालात.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्गशीर्षात मीरा ताऱ्यापुढं
९.३ च्या जागी ३.९ बसले माझ्या हातून.
दोन महिन्यांनी फिनलंडहून पत्र,
कुणी लेहतोनेन, तिकडंही रात्र लांब असते म्हणे:
त्या रात्री सांगलीत तारा एवढा उजळला कसा?
सर रागावले नाहीत.
मी दोनशे चिठ्ठ्या छापल्या, शुद्धिपत्राच्या,
मजुरी घेतली नाही.

अठ्ठ्याण्णवला अंक थांबला.
वर्गणीदार तेवीस उरले होते, त्यातले नऊ भेटीचे.

आणि दोन हजार पाचला कृष्णा बोळात शिरली.
तीन दिवस आयर्विन पुलाची पट्टी कानावर येत होती,
आकडा चढत होता, गावातले दिवे जात होते.
सरांचंच गणित.
गोडाऊनमधले गठ्ठे फुगले,
सदतीस वर्षांचे वेध
खळीसारखे एकमेकांना चिकटले.

सरांनी पत्रं टाकली: जुने अंक असतील तर परत द्या.
विट्याहून आले, तासगावाहून पोतंभर आले,
पोस्टमास्तरांच्या सुनेनं लोणच्याचा डाग पुसून पाठवले.
मीराचा तेवढा सापडेना.
तो दिवाळीनंतर आला, फिनलंडहून,
लेहतोनेनबाईंनी धाडला, नवरा गेल्यावर.
३.९ भोवती तांबडं कडं,
शेजारी माझी चिठ्ठी, डिंकानं नीट डकवलेली.

मी चष्मा लावून वाचली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच.
चिठ्ठीत तारीख चुकली होती. बाराची एकवीस.

सरांकडं सरकवली.
त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला,
खिशाचं पेन काढलं, परत ठेवलं.
पुढच्या अंकात घेऊ, म्हणाले.

मी हो म्हटलं.