थाप

तू चार महिन्यांची असताना कपाळाचा मुका घेतला
आणि ओठांवर मीठ आलं.
करावे गावात कुणाला नवल वाटलं नाही.
आजेसासरे मिठागरावर राबलेले. सासूबाई म्हणाल्या,
आपल्या घरची पोर, खारटच असायची.

पुढे वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी
तोच घाम टिपून मोजला
आणि आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं,
जे अजून मला नीट लिहिता येत नाही.

तेव्हापासून थाप.
सकाळी वीस मिनिटं, रात्री वीस,
ओंजळ उपडी करून पाठीवर,
मग कुशीवर वळवून बरगड्यांवर.
भाकऱ्या थापणारे हात, वाटलं, जमेल.
पीठ ऐकतं.
कफ ऐकत नाही.

दुसरी थापही मारायचे,
मोठी झालीस की जाईल हे सगळं.
आठवीत होतीस तेव्हा म्हणालीस,
आई, हातानं मार. तोंडानं नको.

मग ऑक्सिजनचं यंत्र आलं, फ्रिजशेजारी बसलं.
मग यादीत नाव.
पाम बीचवरून रात्री अँब्युलन्स ओरडत गेली
की मी उठून बसायचे.
गावदेवीकडे काय मागतेय ते मला माहीत होतं,
म्हणून मागताना तिच्याकडे बघितलं नाही.

पहिला फोन फुकट गेला.
ती फुप्फुसं चालणारी नव्हती.
दिवसभराची उपाशी तू,
पहाटे साडेचारला घरी येऊन घावणे मागितलेस,
गोळ्या घेऊन सात खाल्लेस
आणि आठव्याला दम लागला.

दुसऱ्या फोनचं मी कुणाला सांगत नाही.
अकरा तास. एक प्लास्टिकची खुर्ची.

आता तू झोपतेस आणि आवाज येत नाही.
दाराशी उभी राहून मी चादर हलते का बघते.
सकाळी साडेसहाला हात आपोआप वाकतात,
त्यांना काम नाही.
परवा भाकरी इतकी थापली की परातीतच फाटली.

कुणाची, ते सांगत नाहीत.
कुणीतरी सही केली, एवढंच.
त्या घरातली बाई
साडेसहाला हात कुठे ठेवत असेल?

काल लिफ्ट बंद होती.
तीन जिने न थांबता चढलीस, दर्शू,
आणि दारात उभी राहून चिडलीस,
अशी काय बघतेस?
घाम पुसते, म्हटलं.
पुसला नाही.
ओठ टेकवले.

मीठ.