दोरीचं दुसरं टोक

किनगावच्या पुढं, तेहतीस केव्हीच्या उपकेंद्रात
रात्रपाळीला मी एकटी बाई.
चार फीडर, एक रजिस्टर, एक टॉर्च,
आणि मुरूडकडून आणलेला सुरमा.
पश्मी. कानांना झालर, पोट पाठीला लागलेलं,
डोळ्यांना काळी कड, म्हणून ते नाव.
बघणारा हटकून विचारायचा, "खायला घालता का नाही?"

पहिल्याच महिन्यात त्यानं शादुलमामूंची पोटरी धरली.
मामू रोजच्यासारखेच डबा घेऊन आले होते,
फक्त नेहमीच्या दारानं नाही.
अहमदपूरच्या दवाखान्यात पहिली सुई घेताना म्हणाले,
"इमानी है वो. मार मत उसकू."
मारलं नाही.
मला तर आत कुठंतरी बरंच वाटलं होतं.
हे कुणाला सांगितलं नाही.

देवकत्यांचा लिंबाजी मेंढरं घेऊन उतरला होता
मागच्या पडीक रानात.
त्यानं सुरम्याला नाही, मला न्याहाळलं.
"दोरी धर."
धरली.
"आता तिकडून माणूस यायलाय आसं समज."
कुणीच येत नव्हतं. तरी माझी मूठ आवळली,
आणि सुरम्याच्या मानेवरचे केस उभे.
"बघ. ह्याला चोर दिसला नाही. तुहा हात दिसला."

भुंकायला कुणी शिकवावं लागत नाही.
थांबायचा शब्द आधी शिकवायचा,
नाहीतर राखण होत नाही, नुसता कालवा होतो.
शब्द आम्ही ठरवला: आपलं.
फाटकाशी माणूस. दोरी ढिली.
एकदा, दोनदा भुंकू द्यायचं, तेवढा त्याचा हक्क.
मग, आपलं.
बसला की भाकरीचा तुकडा.
लिंबाजीची पोरं खोटी भांडणं करत यायची,
काठ्या आपटत, शिव्या देत, हसू दाबत.
शादुलमामू लंगडत यायचे, आपणहून.
त्यांच्या हातून तुकडा घ्यायला सुरम्याला अठरा दिवस लागले.
मला मूठ उघडायला त्याहून जास्त.

माघात डीपी जळाली. हरभऱ्याचं पाणी तुटलं.
रात्री दीडला ट्रॅक्टरभर माणसं,
फाटक गदागदा हलवत.
मी टॉर्च स्वतःच्याच तोंडावर मारली,
दिसू दे कोण आहे ते.
"आपलं," म्हणाले. आवाज सरळ आला,
कारण होतीच ती आपली, फक्त रागावलेली.
सुरमा बसला.
एकानं विडी विझवून विचारलं,
"शिकारीचं हाय का हो हे?"

आणि मग साहेबांची रात्र.
परीटघडीचा शर्ट. अचानक तपासणी म्हणाले,
तीन वाजता, गाडी लांब लावून.
रजिस्टर मागितलं आणि खुर्ची ओढली,
माझ्या खुर्चीला खेटून.
आपलं, मी म्हणाले.
सुरमा बसला नाही.
आपलं. आपलं.
चौथ्यांदा म्हणाले तेव्हा मलाच ऐकू आलं
मी ते कसं म्हणतेय.
तो भुंकला नाही, दात दाखवले नाहीत.
दोन खुर्च्यांच्या मधे घुसला
आणि आडवा उभा राहिला, फळी घातल्यासारखा.
साहेब पाच मिनिटांत गेले.
"कुत्रं नीट शिकवलेलं नाही तुमचं."

लिंबाजीला विचारलं, शब्द विसरला का हा?
तो तंबाखू मळत होता.
"त्यो नाही विसरला. तू भलत्याला दिलास,"
म्हणाला, आणि एक मेंढी मागं राहिली म्हणून
तसाच उठून गेला.

पुढच्या खेपेला साहेब आले तेव्हा
फाटकाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.
"रजिस्टर इथूनच बघा, साहेब. मामूही आहेत आत."
दोरी हातात होती. ढिली.
सुरम्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं,
शब्दाची वाट न बघता खाली बसला,
आणि मागच्या पायानं
कानामागची गोचीड खाजवत राहिला.