रात्रपाळी

मे महिना, न्यूफाउंडलंडचं वरचं टोक.
खाडीत अजून हिमनग तरंगतायत
आणि कारखान्यात खेकडे उकळतायत.
व्हर्ना पिटमन चौदा वर्षं त्याच पट्ट्यापाशी उभी,
पाय तोडायचे, झटकायचे, पुढे ढकलायचे.
वाफ छताला लागते,
थेंब होऊन मानेवर परत येते.

चौदा वर्षं काही झालं नाही,
असं आपण म्हणतो.
आत मात्र कुणीतरी नोंद ठेवत होतं.
वाफेतून आलेल्या एका प्रथिनाचा चेहरा
उतरवून घेतला, प्रती काढल्या,
आणि श्वासनलिकेच्या अस्तरात बसलेल्या
मास्ट पेशींच्या अंगावर डकवून ठेवल्या,
चौकीच्या दारावर फरार माणसाचे फोटो असावेत तशा.

मग एका मंगळवारी, संध्याकाळी सहाला,
तो चेहरा आला.
शेजारशेजारच्या दोन फोटोंना एकदम लागला, बास.
पेशीनं भरून ठेवलेली पोतडी उलटी केली.
हिस्टामिन. शिंका, डोळ्यांत पाणी, छातीत शीळ.
डोरीननं स्वतःचा निळा पंप पुढे केला,
म्हणाली, सर्दी असेल.
व्हर्ना म्हणाली, सर्दीच.

इथवरचं सगळ्यांना दिसतं.

पण पोतडी रिकामी झाली तरी पेशी उठत नाही.
कामाला बसते.
केंद्रकातला मजकूर उतरवते,
प्रथिन विणते, घडी घालते,
इवल्या पिशवीत भरून कडेला नेते,
सोडून देते.
घाई नाही. आवाज नाही.
पत्रंच ती, वर पत्ता नसलेली;
ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी.
नावंही नाहीत त्यांना, नुसते आकडे:
चार म्हणतं, अजून प्रती काढा.
तेरा म्हणतं, कफ वाढवा.
पाच थेट हाडाच्या मगजात जातं:
माणसं पाठवा.

माणसं रात्री दोनला पोचतात.

व्हर्ना अंथरुणात उठून बसते.
कारखाना बंद. खेकडा नाही, वाफ नाही,
हात दोनदा साबणानं धुतलेले.
लेस दिवा लावतो. आता काय झालं?
काही नाही, ती म्हणते, अर्ध्या श्वासात.
खरंच काही नाही.
जंतांसाठी परजलेली हत्यारं,
साप साप म्हणून भुई धोपटणं चाललंय,
आणि भुई तिची आहे.

सकाळी ती माझ्यासमोर नळीत फुंकते.
काटा दोनशे दहा.
पुन्हा, मी म्हणते. एकशे नव्वद.
फॉर्मवर एक रकाना आहे, 'आजार कामामुळे?'
मी पेन टेकवते
तोच तिचा तळवा कागदावर येतो,
बोटांच्या पेरांवर खेकड्यांच्या काट्यांचे जुने ओरखडे.
अजून नाही. एकशे दहा तास राहिलेत.
तेवढे भरले नाहीत तर हिवाळ्यात भत्ता नाही.

पेशी असते तर आत्तापर्यंत
पत्र लिहून सोडूनही दिलं असतं.
मी पेनाचं टोपण लावते.
पुढचा पंप तपकिरी, तिला सांगते,
सकाळ-संध्याकाळ, बरं वाटलं तरी.
ती मान हलवते. भिंतीवरचं घड्याळ बघते.
पाळी आठला सुरू होते.